जुनी ७१८ केमन : ७,२०० किमीवाली घ्यावी की २९,००० वाली?

वेताळटेकडी
नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज धागा काढतोय. दोन सीटची गाडी घ्यायचं घरात एकदाचं ठरलंय. मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, रोजच्या वापराला एक एसयूव्ही आहेच, त्यामुळे मागची सीट हवी हा मुद्दा उरला नाही. नवीन घेणं बजेटच्या बाहेर आहे आणि मला पोर्शेची ७१८ केमनच हवीये, कित्येक वर्षं तीच मनात आहे. दोन गाड्या बघितल्यात, दोन्ही २०१७ च्या, दोन्ही पीडीके (पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), दोन्ही एमएच पासिंग.

पहिली मुंबईची, पांढरी, ७,२०० किमी, सिंगल ओनर, बेसमेंटला कव्हर घालून ठेवलेली. आत बसलं तर सीटचं लेदर अजून कडक, पेडलच्या रबरावर झीज नाही, नवीनच वाटते. दुसरी पुण्यातलीच, बाणेरची, ग्रे, २९,००० किमी, सेकंड ओनर. पुढच्या बंपरवर खडी उडून बारीक टवके गेलेत, ड्रायव्हर सीटच्या कडेला सुरकुत्या आहेत. पहिलीचे नऊ लाख जास्त मागतायत आणि डीलर रोज फोन करून सांगतो की साहेब इतक्या कमी रनिंगची परत मिळणार नाही.

नऊ लाख मीटरवरच्या आकड्यासाठी द्यावेत का? आणि गाडी बघायला जाताना नक्की काय काय बघायचं? ज्यांनी अशी गाडी घेतलीये किंवा काम केलंय त्यांनी जरूर लिहा.

घाटमाथा
अभिनंदन, निवड चांगली आहे. दोन्हींचं सर्व्हिस रेकॉर्ड आहे का ते आधी सांगा, बाकी नंतर बोलू.

वेताळटेकडी
बाणेरवालीचं पूर्ण आहे, दरवर्षीचं, सगळ्या बिलांची फाईल आहे. मुंबईवालीची २०१८ ची, २०१९ ची आणि मग एकदम २०२३ ची एन्ट्री. डीलर म्हणतो गाडी चाललीच नाही तर सर्व्हिस कशाला करायची.

घाटमाथा
मग माझं मत बाणेरवालीला. गाडी वर्षात ५०० किमी चालली तरी ऑइल बदलायचं असतं, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं म्हणून ते दोन वर्षांनी बदलतात मग गाडी चालो न चालो. चार वर्षं कोणी हातच लावला नाही याचा अर्थ गाडी जपली असा होत नाही, विसरली असा होतो.

लालदिवा
माझा पण साधारण हाच शोध चालू आहे त्यामुळे धागा फॉलो करतोय. दिल्लीची एक बघितली, पुणे-मुंबईपेक्षा बरीच स्वस्त आहे. ती आणली तर कसं?

स्पॅनर१३
मी युरोपियन गाड्यांच्या वर्कशॉपमधे काम करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर चालवून घ्या.

उभी गाडी खराब होत नाही हा समज आधी काढून टाका. सस्पेन्शनचे बुश सुकून चिरतात, दारांची रबरं कडक होतात, इंजिनाची सील आकसतात. गंमत म्हणजे तुम्ही बघायला जाता तेव्हा खाली सगळं कोरडं ठणठणीत असतं, घेतल्यावर तुम्ही हौसेने चालवायला लागता आणि दोन-तीन महिन्यांत पार्किंगमधे ऑइलचे डाग दिसायला लागतात. टायर एकाच जागी दबून चपटे पडतात, ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरतं. आणि आता पेट्रोलमधे २० टक्के इथेनॉल असतं, ते पाणी धरतं, टाकीत महिनोन्‌महिने तेच पेट्रोल राहिलं तर इंजेक्टर आणि पंपाला त्रास. झाकणाच्या आत आणि मॅन्युअलमधे किती टक्के चालतं ते लिहिलेलं असतं ते वाचून घ्या, आणि उभ्या गाडीतलं जुनं पेट्रोल काढूनच टाका.

याहून वाईट म्हणजे ड्रायव्हरला सांगून दर रविवारी जागच्या जागी पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवणं. मालकाला वाटतं आपण काळजी घेतोय. पण त्यात ऑइल पूर्ण तापत नाही, आत धरलेली वाफ उडून जात नाही, पेट्रोल थोडं थोडं ऑइलमधे उतरत राहतं, सायलेन्सरमधे पाणी साठतं. त्यापेक्षा महिन्यातून एकदा तासभर नीट चालवून आणलेली बरी.

आता बघायचं काय. ७१८ चं इंजिन मधे असतं, सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे. पुढचं बॉनेट उघडलं तरी डिकी, मागचं उघडलं तरी डिकी, इंजिन वरून दिसतच नाही, मागे फक्त ऑइल आणि कूलंट भरायची झाकणं आहेत. त्यामुळे लिफ्टवर घेऊन खालची कव्हरं काढल्याशिवाय ही गाडी बघितली असं म्हणूच नका. रेडिएटर मात्र पुढे, बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत, आणि त्यांच्या पुढे एसीचे कंडेन्सर. बंपरच्या जाळीतून मोबाईलचा टॉर्च मारा. आत सुकलेली पानं, माती, केसांचे पुंजके, चिप्सच्या पाकिटाचा तुकडा असा थर बसलेला असतो. पावसाळ्यात तो भिजतो आणि ओलाच राहतो, मागच्या ॲल्युमिनियमच्या बारीक पात्या पोखरल्या जातात, पेनाचं टोक लावलं तर पांढरी भुकटी पडते. वरून गाडी आरशासारखी चकचकीत असते आणि कंडेन्सर एका उन्हाळ्याचा सोबती.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, डायग्नोस्टिकचा रिपोर्ट मागा. पोर्शेचं पीविस नावाचं मशीन जोडलं की ईसीयूमधून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधून, इंजिन एकूण किती तास चाललंय ते निघतं. किलोमीटरला त्या तासांनी भागा, सरासरी वेग येतो. शहरात फिरलेली असेल तर माझ्या अनुभवात २५-३०, हायवे जास्त असेल तर ४० च्या वर. एकदम कमी आला तर दोनातलं एक, मीटर मागे घेतलंय किंवा गाडी उभ्या उभ्या चालू ठेवलीये. मीटर फिरवणारा डिस्प्लेवरचा आकडा बदलतो, तास बदलायचं बऱ्याचदा राहून जातं. त्याच रिपोर्टमधे इंजिन कुठल्या आरपीएमच्या वर किती वेळा गेलं तेही असतं, पण मॅन्युअल गाडीत चुकून खालचा गिअर पडून इंजिन ओव्हररेव्ह होतं तसं पीडीके होऊ देत नाही, त्यामुळे तुमच्यासाठी तास महत्त्वाचे.

डीलर रिपोर्ट काढून द्यायला तयार नसेल तर ती गाडी सोडा.

एमएच१२
स्पॅनर१३ +१. इंजिनाच्या तासांचं माहीत नव्हतं, फार कामाचं आहे हे. हे बाकी गाड्यांना पण निघतं का?

स्पॅनर१३
काही कंपन्यांच्या गाड्यांमधे निघतं, काहींत मीटरचा आकडा गिअरबॉक्स किंवा दुसऱ्या एखाद्या मॉड्युलमधे वेगळा साठवलेला असतो तो ताडून बघता येतो. गाडीप्रमाणे बदलतं.

पावसाळी
स्पॅनरदादांनी मेकॅनिकल सगळं लिहिलंय, मी मोटर क्लेमचा सर्व्हे करते म्हणून पाण्याबद्दल लिहिते. २०१७ ची मुंबईची गाडी आणि बेसमेंट पार्किंग हे वाचल्यावर माझ्या डोक्यात पहिलं हेच आलं. २९ ऑगस्ट २०१७ ला मुंबईत काय झालं ते सगळ्यांना आठवत असेल, त्यानंतर २०१९ चा जुलै. आणि पुण्याची म्हणून निर्धास्त राहू नका, २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याने किती पार्किंग बुडवली, जुलै २०२४ मधे सिंहगड रोडला एकतानगरीत काय झालं, या गाड्या कुठेतरी विकल्या गेल्याच ना.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, जो भाग कायम गुंडाळलेला असतो तिथे मातकट आडवी रेघ दिसते का बघा, तो भाग धुवायचं कोणाला सुचत नाही. सीट मागे सरकवून रुळाचे बोल्ट बघा. कार्पेटखालचा फोम दाबून बघा. फ्यूजबॉक्समधे पिनांवर हिरवट थर असेल तर मागे फिरा. या गाडीला दोन डिक्या आहेत, दोन्हींचं अस्तर उचला.

कागदात, विम्याच्या सगळ्या वर्षांच्या पॉलिसी मागा, नुसती चालू नाही. एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममधे मिळणारी सूट, ५० टक्के म्हणजे लागोपाठ पाच वर्षं क्लेम नाही. मधेच शून्यावर आली असेल तर त्या वर्षी काय झालं ते विचारा. पण एकट्या एनसीबीवर जाऊ नका, ती मालकाची असते गाडीची नाही, म्हणजे मालक आपल्या आधीच्या गाडीची एनसीबी इथे लावू शकतो, आणि तुम्ही गाडी घेतल्यावर ती तुम्हाला मिळत पण नाही. गाडी घेतल्यावर १४ दिवसांच्या आत पॉलिसी नावावर करायला अर्ज द्या, लोक इथे फार ढिलाई करतात. त्या मधल्या काळात गाडी ठोकली गेली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकतो, मी अशा फाईली बघितल्यात, फार वाईट वाटतं.

घाटमाथा
@लालदिवा, दिल्लीच्या गाडीचं. किंमत कमी दिसते कारण तिथे पेट्रोल गाडी १५ वर्षांनी रस्त्यावरून काढायच्या नियमाची टांगती तलवार राहत आलीये, त्यामुळे बाजार पडलेला असतो. इकडे आणायची तर तिकडच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, मग १२ महिन्यांच्या आत इथे री-रजिस्ट्रेशन, आणि इथला रोड टॅक्स. महाराष्ट्रात इम्पोर्टेड गाडीला २० टक्क्यांचा दर आहे, गाडीच्या वयाप्रमाणे रक्कम कमी होते पण मूळ किंमतच मोठी असल्यामुळे आकडा लाखांत जातो. तिकडचा उरलेला टॅक्स परत मिळायची सोय आहे, पण अर्ज, खेटे, वाट बघणं सगळं तुमच्या गळ्यात. हिशोब करून बघा, स्वस्ताई उरतीये का. शिवाय गाडी तिकडे, तपासायला माणूस तुमच्या ओळखीचा नाही.

लालदिवा
समजलं. म्हणजे एमएच पासिंगचीच बघतो. आभार.

फ्लॅटसिक्स
मी थोडं वेगळं मत मांडतो. तुम्ही ७१८ चा हट्ट का धरलाय? त्याच्या आधीची ९८१ केमन बघा, २.७ लिटर सहा सिलिंडर, टर्बो नाही, २७५ हॉर्सपॉवर. ७१८ मधे २.० लिटर चार सिलिंडर टर्बो, ३०० हॉर्सपॉवर, कागदावर जास्त आहे, खालच्या आरपीएमला ओढते पण जास्त, पण आवाजाचं काय? ९८१ वरच्या आरपीएमला जो आवाज काढते त्यासाठी माणूस अशी गाडी घेतो. ताम्हिणीत सकाळी खिडक्या खाली करून एकदा चालवा मग ठरवा.

वेताळटेकडी
९८१ चालवलीये मित्राची. आवाजाबद्दल शंभर टक्के सहमत. पण चांगल्या स्थितीतली ९८१ आपल्याकडे विकायला येतच नाही फारशी, आणि मला ७१८ चं स्टिअरिंग फार आवडलं. शिवाय टर्बोमुळे शहरात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधे पण मजा येते, पुण्यात वरचे आरपीएम गाठायला रस्ता कुठे आहे.

घाटमाथा
रस्त्याचं बरोबर आहे. एक्स्प्रेसवेला १०० ची मर्यादा, घाटात ६०, आणि आता कॅमेरे सगळीकडे. या गाडीची मजा वेगात नाहीच, वळणात आहे. वजन मधे असल्यामुळे ४०-५० च्या स्पीडलाही वळणावर गाडी जशी फिरते तसं दुसऱ्या कशात मिळत नाही.

कर्वेरोड
सगळे २९ हजारवालीच्या बाजूने बोलतायत म्हणून दुसरी बाजू. ७१८ पेट्रोलची युरोपातली विक्री २०२४ मधे सायबरसिक्युरिटीच्या नियमामुळे थांबली. पुढे या गाड्या कमी होत जाणार, त्यात कमी रनिंगचीला गिऱ्हाईक कायम मिळणार. दहा वर्षांनी विकायची असेल तर ७,२०० वालीचे नऊ लाख वसूल होतील असं मला वाटतं. सील, बुश, टायर बदलता येतात, चाललेले किलोमीटर पुसता येत नाहीत.

स्पॅनर१३
मुद्दा पटण्यासारखा आहे पण एका अटीवर, तुम्ही पण ती न चालवता ठेवली तर. वेताळटेकडी साहेबांना चालवायची आहे. वर्षाला चार-पाच हजार किमी चालवली तरी चार वर्षांत तीच गाडी २५ हजारांवर जाणार, आणि नऊ लाख ज्या आकड्यासाठी दिले तो आकडाच उरणार नाही.

कर्वेरोड
हे मान्य. संग्रहाला ठेवायची आणि चालवायची हे दोन वेगळे ग्राहक आहेत.

एमएच१२
अजून एक, सोसायटीचा रॅम्प बघितलात का? बेसमेंटच्या रॅम्पच्या वरच्या टोकाला जिथे तो सपाट होतो तिथे या गाड्यांचं पोट घासतं, आणि खाली उतरल्यावर नाक. स्टॅक पार्किंग असेल तर विसराच. टेस्ट ड्राइव्हच्या वेळी गाडी घरी आणून एकदा आत-बाहेर करून बघा, वॉचमनला खाली वाकून बघायला सांगा. आणि बाणेर-पाषाणचे स्पीडब्रेकर एक चाक आधी, एक नंतर असे तिरके घ्यायचे, मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू दे.

वेताळटेकडी
रॅम्प बघतो, हे खरंच सुचलं नव्हतं. दोन्ही गाड्यांना वेळ घेतलीये या आठवड्यात, स्पॅनरदादांनी सांगितलं तसं लिफ्टवर घेऊन बघणार. आल्यावर लिहितो.

वेताळटेकडी
अपडेट. दोन्ही बघून झाल्या, आधी वरवर बघितलं होतं त्यापेक्षा पूर्ण वेगळं चित्र आहे.

मुंबईवाली आधी. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष, चारही टायरवर ४८१६, म्हणजे २०१६ च्या ४८ व्या आठवड्यातले, कंपनीतून आलेले तेच. नक्षी पूर्ण शाबूत, नखाने दाबलं तर रबर प्लास्टिकसारखं, आणि साइडवॉलला रिमच्या जवळ केसासारख्या भेगा गोल फिरलेल्या. जाळीतून टॉर्च मारला तर डाव्या बाजूला पानांचा थर, मेकॅनिकने बारीक तार घालून थोडा ओढून काढला, खालचं कंडेन्सर पांढरं पडलेलं. पाण्याची काही खूण मिळाली नाही, सीटबेल्ट, रुळ, कार्पेट सगळं स्वच्छ. डीलर पीविस रिपोर्टला आधी नाही म्हणाला, मी उठलो तेव्हा तयार झाला. तास निघाले ४१०. ७,२०० भागिले ४१० म्हणजे साडेसतरा. मालकाच्या ड्रायव्हरशी बोललो, साधा माणूस आहे, म्हणाला दर रविवारी चालू करून ठेवायचो, शेठने सांगितलंय. दादांनी लिहिलं होतं तेच.

बाणेरवाली. तास ७८०, म्हणजे सरासरी ३७. टायर २०२२ चे, एन मार्कचे (म्हणजे पोर्शेने मान्य केलेले). मागचे ब्रेक पॅड निम्मे झिजलेत, डिस्क चांगल्या. लिफ्टवर घेतली तर खालच्या प्लास्टिकच्या कव्हरवर घासल्याच्या खुणा आहेत पण फुटलेलं काही नाही. उजव्या कंडेन्सरचं बिल २०२१ चं फाईलमधे होतं, म्हणजे मालकाने बदलून घेतलंय. पेंट मीटर लावला, पुढचा बंपर सोडून सगळीकडे कंपनीचाच रंग. सकाळी थंड इंजिन चालू केलं, आवाज एकसारखा, धूर नाही. मग पाषाणमार्गे चांदणी चौक आणि तिथून मुळशीच्या दिशेने नेली. मालक शेजारी बसले होते, कुठला आवाज कधीपासून येतो ते सगळं स्वतःहून सांगत होते. पहिल्या मोठ्या वळणावरच मला कळलं की हीच घ्यायची.

रॅम्पवर बाहेर येताना किंचित घासली, तिरकी घेतल्यावर नाही घासली.

पावसाळी
वा! सगळं इतकं नीट बघितलंत, फार बरं वाटलं वाचून. पॉलिसी?

वेताळटेकडी
सगळ्या मिळाल्या ताई. एक क्लेम आहे, पुढच्या काचेचा. फोटोसकट.

घाटमाथा
मग घेऊन टाका. आधी ई-चलान सगळी भरून घ्या, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, लोन असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५. उरलेले पैसे ट्रान्सफरचे कागद संगम पुलाच्या आरटीओत जमा झाल्यावरच द्या.

वेताळटेकडी
लोन नाहीये त्यांचं. तीन चलानं होती, काल भरली त्यांनी. टोकन दिलंय. एक गोष्ट मात्र लिहावीशी वाटते. घरी पोर्शे म्हटल्यावर आई गप्पच झाली. मे २०२४ मधे कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत दोन तरुण मुलं गेली ते तिच्या मनातून गेलेलं नाही, आणि जाऊ पण नये. मी तिला सांगितलं की गाडीची किल्ली माझ्याशिवाय कोणाकडे जाणार नाही, मुलीकडेसुद्धा पूर्ण शिकल्याशिवाय नाही. ३०० हॉर्सपॉवरची गाडी शहरात चालवणं ही जबाबदारी आहे आणि मला ती मनापासून मान्य आहे.

पावसाळी
आईंचं बरोबर आहे. आणि तुमचंही.

फ्लॅटसिक्स
अभिनंदन. आवाजाचं दुःख आहे मला अजून पण गाडी चांगली मिळाली. ट्रॅक्शन कंट्रोल पावसात बंद करू नका, ताम्हिणीत शेवाळ असतं वळणांवर. आणि स्टेपनी नाहीये या गाडीला, फक्त पंक्चरचं लिक्विड आणि छोटा कॉम्प्रेसर, त्या लिक्विडची एक्स्पायरी डेट असते ती बघा.

वेताळटेकडी
बघितली, संपलीये. नवीन मागवतो.

लालदिवा
साहेब एक विचारू का, ती मुंबईची ७,२०० वाली तुम्ही सोडलीत तर मी बघू का? मला संग्रहातच ठेवायची आहे, वर्षाला हजार-दोन हजार किमी फार तर. सगळं इथे वाचून काय काय बदलावं लागेल ते कळलंच आहे, फक्त किंमत किती कमी करून मागू ते कळत नाहीये.

स्पॅनर१३
बघा की, वाईट गाडी नाहीये ती, पाण्यात गेलेली नाही हेच मोठं. हिशोबात चार टायर धरा, दोन्ही कंडेन्सर, इंजिन-गिअरबॉक्स-ब्रेक-कूलंट सगळी ऑइल आणि लिक्विडं, प्लग, बॅटरी, बेल्ट. टाकी रिकामी करून घ्या. पहिलं ऑइल हजार किमीला परत बदला आणि काढलेलं ऑइल लॅबला पाठवा, त्यात पेट्रोल किती उतरलंय आणि धातूचे कण आहेत का ते कळतं. सील बुश आत्ता धरू नका पण पुढच्या वर्षासाठी पैसे बाजूला ठेवा. या सगळ्याचं वर्कशॉपकडून लेखी एस्टिमेट काढा आणि ते डीलरपुढे ठेवा, तोंडी बोललात तर तो दोन-चार हजार कमी करून तुम्हाला परत पाठवेल. नऊ लाखांचा फरक आहे तो त्याच्या बाजूने न धरता तुमच्या बाजूने धरायचा, म्हणजे बाणेरवालीच्या भावातून एस्टिमेट वजा.

कर्वेरोड
इतकं तो उतरणार नाही. पण सुरुवात तिथून करा.

लालदिवा
ठीक आहे, शनिवारी जातो. एस्टिमेट आलं की इथे टाकतो, सगळ्यांनी बघा प्लीज.